चटणीच्या जवसातून वाख: परसात पेरण्यापासून दोरी वळण्यापर्यंत

आमच्याकडे विदर्भात जवस म्हणजे तेल आणि चटणी. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच अळशी म्हणतात, तिथेही गोष्ट चटणीपाशीच संपते. बी झोडून घेतलं की उरलेलं काड चुलीत जातं, नाहीतर बांधावर पेटवून देतात. गुरं ते खात नाहीत, आणि हिरवं असताना तर त्यांना ते घालूच नये, कारण त्यात विषारी अंश असतो. पण त्याच काडाच्या सालीखाली जो धागा, म्हणजे वाख, असतो, त्याचं कापड दुकानात ‘लिनन’ म्हणून भारी भावानं विकलं जातं. इजिप्तच्या ममी याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. आपल्या जुन्या संस्कृतात ‘क्षौम’ वस्त्र म्हणतात ते हेच. आज भारतातल्या गिरण्या या कापडासाठी लागणारा वाख मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून मागवतात, आणि आपण इथे काड जाळतो.

मी वर्ध्यात राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे गेली चार वर्षं जवसाचा एक वाफा असतो. पहिल्या वर्षी वाख असा निघालाच नाही, ओल्या कागदासारखा लगदा हाती आला. म्हणून आधीच सांगतो: जवस पेरायला, वाढवायला अगदी सोपं आहे. खरी परीक्षा पाण्याच्या पिंपात होते. तुमचं लक्ष आणि धीर त्या चार-सहा दिवसांसाठी राखून ठेवा.

बी कुठून आणायचं

वाखासाठी मुद्दाम तयार केलेले जवसाचे वाण उंच असतात, कमरेच्या वर जातात आणि शेंड्यालाच काय त्या फांद्या फुटतात. कोलकात्याजवळ बराकपूरला ताग आणि तत्सम तंतुपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे अशा वाणांवर काम चालतं. पण घरच्या वाफ्यासाठी तेवढं बी मिळवायची खटपट मी केली नाही. आपल्याकडचे वाण तेलासाठीचे. ते दीड-दोन फुटांचे, फार तर सव्वादोन फुटांचे होतात. धागा त्यांतही असतो, फक्त आखूड. शिकायला तो पुरतो.

किराणा दुकानातलं जवस चालतं, पण ते कच्चं हवं. मुखवासासाठी भाजलेलं बी दिसायला जवळजवळ तसंच असतं आणि ते कधीच उगवणार नाही. घरी आणल्यावर २० दाणे मोजून ओल्या रुमालात गुंडाळा, ताटलीत ठेवून झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत १६ किंवा जास्त मोडले तर बी चांगलं. त्याहून कमी मोडले तर दुसरं दुकान बघा. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याच्याकडचं बारीक तपकिरी गावरान जवस सगळ्यांत उत्तम. माझा अनुभव असा की टपोऱ्या दाण्याचं झाड बुटकं राहून फांद्या जास्त काढतं.

जागा आणि वेळ

१० फूट लांब आणि ६ फूट रुंद एवढा वाफा पहिल्या वर्षाला पुरे. कुंड्यांत करू नका. दोन-चार कुंड्यांतून निघणारा वाख मुठीतसुद्धा भरत नाही आणि मेहनत तेवढीच पडते. गच्चीच असेल तर भाजीचे प्लास्टिकचे क्रेट सलग मांडून वाफ्यासारखं करता येतं, पण वाऱ्याचा बंदोबस्त आधी करा.

ऊन दिवसभर हवं. जमीन मध्यम काळी, पाण्याचा निचरा होणारी. खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. भंडारा-गोंदियाकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर जवस फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खाली जवस उगवलेलं असतं, आणि पुढे त्याला कुणी फारसं विचारत नाही. असं हे पीक. त्याला शेणखताचा ताजा थर किंवा युरिया दिला तर ते माजतं, मऊ पडतं आणि पहिल्या वाऱ्याला लोळतं. लोळलेल्या काडाचा वाख वेडावाकडा येतो. गेल्या हंगामात भाजीला खत घातलेली जागा असेल तर यंदा काहीच घालू नका.

पेरणी दसरा ते दिवाळी या दिवसांत करा. पाऊस गेलेला असतो, रात्री गार होऊ लागलेल्या असतात. डिसेंबरात पेरलेलं जवस उंच व्हायच्या आतच फुलावर येतं. शिवाय उशिराच्या पिकावर गादमाशी जास्त येते. तिची अळी कळ्या खाते, म्हणजे वाखाचं थेट नुकसान नाही, पण चटणी हातची जाते.

दाट, त्याहून दाट

तेलासाठी शेतकरी हेक्टरी २५ ते ३० किलो बी वापरतात. वाखासाठी त्याच्या चार-पाच पट लागतं. कारण सरळ आहे. मोकळी जागा मिळाली की झाड फांद्या काढतं, आणि प्रत्येक फांदीपाशी धागा तुटतो. गर्दी झाली की सगळी रोपं उजेडासाठी सरळ वर जातात, काडी बारीक राहते. बारीक काडीतच चांगला वाख असतो. आपल्या ६० चौरस फुटांना ८० ग्रॅम बी लागेल. पेरताना हात थरथरतो, ‘एवढं?’ असं वाटतं. वाटू द्या.

बी आधी भिजवू नका. जवस ओलं झालं की बुळबुळीत होतं, दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. कोरड्या वाळूत मिसळा आणि दोन वाटे करा. एक वाटा वाफ्याच्या लांबीनं फेका, दुसरा रुंदीनं, म्हणजे पट्टे पडत नाहीत. वरून दाताळं हलकं फिरवा. दाणा बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल जायला नको. मग एक फळी टाकून तिच्यावर उभे राहा आणि माती दाबत पुढे सरका. पाणी झारीनंच द्या. पाइपाच्या धारेनं बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

चिमण्या आणि मुंग्या पहिले चार दिवस टपलेल्या असतात. मी वरून तुरीच्या वाळक्या फांद्या पसरतो आणि हिरवं दिसलं की काढून घेतो. पाचव्या-सहाव्या दिवशी वाफ्यावर बारीक हिरवी लव येते.

निंदण एकदाच, रोपं वीतभर व्हायच्या आत. अनवाणी वाफ्यात शिरा आणि वाऱ्याकडे तोंड करून निंदत जा. दबलेली कोवळी रोपं पुन्हा उभी राहतात. त्यानंतर जवस इतकं दाट होतं की तणाला जागाच उरत नाही. फुलं येईपर्यंत आठवड्याला एक पाणी पुरे, भेगा पडणाऱ्या काळ्या मातीत जरा लवकर. वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून फूटभर उंचीवर सुतळी ताणून ठेवा. जानेवारीत अवकाळीची एक सर येऊन जाते, तेव्हा ही सुतळी कामाला येते.

पेरल्यापासून दीडेक महिन्यानं फुलं दिसू लागतील. निळी, एवढीशी, पाच पाकळ्यांची. सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून पाहुण्यांना दाखवायची असतील तर नाश्त्यालाच बोलवा. जुन्या स्तोत्रांत कृष्णाच्या सावळ्या रंगाला या अतसीच्या फुलाची उपमा देतात. मला लहानपणी वाटायचं की अतसी म्हणजे स्वर्गातलं काहीतरी असणार. ती चटणीतली अळशी निघाली.

उपटायचं, कापायचं नाही

फुलं ओसरल्यावर साधारण महिन्यानं काडाकडे नीट बघा. खालची पानं गळालेली, बुडापासून अर्ध्याच्या खालपर्यंत काडी पिवळी, वर अजून हिरवट. बोंडं पिवळसर तपकिरी होत आलेली. ही वेळ. याआधी उपटलं तर वाख रेशमासारखा मऊ पण कच्चा निघतो. तेलवाल्यांसारखं पूर्ण वाळू दिलं तर राठ होतो. माझा वाफा साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तयार होतो.

मूठभर काड जमिनीजवळ धरा आणि सरळ वर ओढा. मुळं सहज येतात. विळा लावू नका, धागा थेट मुळाच्या गळ्यापर्यंत गेलेला असतो आणि कापल्यावर तेवढी लांबी वाया जाते. माती झटका आणि सगळ्यांची बुडं एका रेषेत येतील अशी मांडा. हे ‘बुडं सारखी’ प्रकरण शेवटपर्यंत पाळायचं आहे. पुढे फणीवर घेताना त्याची किंमत कळते. मनगटाएवढ्या जाडीच्या पेंड्या बांधा, लांब-आखूड काडं वेगळी ठेवा आणि भिंतीला टेकवून आठ-दहा दिवस वाळू द्या.

वाळल्यावर बोंडं काढायची. पेंडी चादरीवर धरून शेंड्याकडचा भाग लाकडी मोगरीनं हलकेच ठेचला की बी मोकळं होतं. पाखडून घ्या. पुढच्या वर्षाचं बी बाजूला काढा, उरलेल्याची चटणी होते.

पिंपातले दिवस

आता मुख्य काम.

जवसाच्या काडीत मधे लाकडासारखा गाभा असतो, बाहेर साल, आणि दोघांच्या मधे धाग्यांचे झुबके. हे सगळं पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थानं चिकटलेलं असतं. काड पाण्यात ठेवलं की पाण्यातले जिवाणू पेक्टिन खातात आणि धागा सुटा होतो. ते तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पेक्टिन संपलं की ते धाग्याकडे वळतात. आपलं काम एवढंच की पहिली पंगत उठली की दुसरी बसायच्या आत पाणी काढून टाकायचं.

आमच्या आजोबांच्या वेळी अंबाडी अशीच कुजवायचे. ओढ्याच्या डोहात भारे दडपायचे, वर दगड, आणि वास दुसऱ्या गावापर्यंत. युरोपात जवसासाठी हेच चालायचं. बेल्जियममधल्या कोर्टरेकजवळची लीस नदी त्यासाठी इतकी प्रसिद्ध होती की तिला सोन्याची नदी म्हणत. तिथे आणि फ्रान्समध्ये आता काड शेतातच पसरून दवावर कुजवतात. आपल्याकडे फेब्रुवारीत तेवढं दव आणि ओल कुठून आणायची? म्हणून पिंप.

२०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या, रसायनाचा वास नसलेलं. पेंड्या बुडं खाली करून उभ्या ठेवा, सैल. ठासून भरल्या तर मधल्या पेंड्या कच्च्या आणि बाहेरच्या सडलेल्या निघतात. वर बांबूच्या दोन कामट्या आडव्या अडकवून त्यांवर दगड ठेवा, कारण काड तरंगतं. मग पाणी, काड बुडून चार बोटं वर येईल एवढं. लोखंडी पिंप नको, गंजाचे डाग वाखावरून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं असेल. ते ओतून टाका आणि नवं भरा. यानं वासही थोडा कमी होतो आणि वाखाचा रंग उजळ येतो. त्यानंतर हळूहळू बुडबुडे सुरू होतात, वर फेस येतो. तिसऱ्या दिवसापासून वास. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत दोन दिवस ‘कुणाचं तरी गटार फुटलंय’ अशी चर्चा चालू होती. मीही त्यात गंभीरपणे भाग घेतला. आता शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवतो आणि नंतर चटणीची बरणी नेऊन देतो.

किती दिवस लागतील ते पाण्याच्या ऊबेवर ठरतं. पिंप उन्हात असेल आणि पाणी हाताला कोमट लागत असेल तर चार दिवसांतही होतं. रात्री थंडी असेल तर सहा-सात. म्हणून दिवस मोजू नका, काडी तपासा. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही.

तपासायचं असं. पेंडीच्या मधली, मध्यम जाडीची एक काडी ओढून काढा. ती दोन ठिकाणी मोडा, मोडलेल्या जागांत चार बोटांचं अंतर ठेवा. आता मधला लाकडाचा तुकडा एका टोकाला चिमटीत धरून बाहेर ओढा. कच्चं असेल तर तो धाग्यांना चिकटून राहतो, ओढताना धागेही येतात. तयार असेल तर दाभण कापडातून निघावं तसा गुळगुळीत बाहेर येतो आणि चिमटीत नुसती धाग्यांची पोकळ नळी राहते. अशा पाच काड्या वेगवेगळ्या पेंड्यांतून तपासा. पाचांपैकी चार तशा निघाल्या की लगेच बाहेर काढा, मग रात्रीचे अकरा वाजलेले का असेनात.

माझी पहिल्या वर्षीची चूक हीच. शनिवारी संध्याकाळी काडी जवळजवळ सुटत होती. म्हटलं, सकाळी बघू. रविवारी एका लग्नाला गेलो आणि सोमवारी आलो. वाख हातात घेतला तर चिमटीत तुटत होता. कच्च्या काडाला उपाय आहे: वाळवा आणि पुन्हा एक दिवस भिजवा. जास्त कुजलेल्याला काही उपाय नाही. म्हणून चुकायचंच असेल तर कच्च्या बाजूला चुका.

काढलेल्या पेंड्या स्वच्छ पाण्यात हलक्या हातानं विसळा, चोळू नका. मग पेंडीचं बुड पसरून तंबूसारखी उभी करा. आपल्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पिंपातलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा माशांच्या टाक्यात अजिबात सोडू नका. ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. तिप्पट-चौपट साधं पाणी मिसळून आंब्याच्या, लिंबाच्या आळ्यात घातलं तर चालतं.

मोडणं, झाडणं, विंचरणं

यासाठी भर दुपारची वेळ घ्या. काड उन्हात तापलेलं असेल तर गाभा काचेसारखा तुटतो. नाकातोंडाला रुमाल बांधा, धूळ बारीक आणि त्रासदायक असते.

जाड पाटावर मूठभर काड ठेवून मोगरीनं बुडापासून शेंड्यापर्यंत ठेचत जा. काड करकरत मोडतं आणि भुसा खाली गळू लागतो. मग ती मूठ एका उभ्या फळीच्या कडेवरून लोंबती धरा आणि लाकडी उलथन्यानं वरून खाली झाडा, जणू शर्टावरची धूळ झटकताय. लाकडाचे तुकडे उडतात, धागे राहतात. धातूचं उलथनं घेतलं तर धागे कापले जातात. हाच टप्पा मला सगळ्यांत आवडतो. मातकट काडातून हळूहळू फिकट सोनेरी झुलपं बाहेर येतात आणि उन्हात धरली की चमकतात.

शेवटी फणी. एका फळीवर दोन इंची खिळे बोटभर अंतरानं आरपार ठोका, दुसऱ्या फळीवर त्याच्या निम्म्या अंतरानं. फळी टेबलाला घट्ट बांधा, खिळे वर. आता आजी लांब केस विंचरायची ते आठवा: आधी टोक, मग थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून एकदम ओढलं की केसही तुटतात आणि वाखही. अर्धं विंचरून झालं की झुलूप उलटं धरून दुसरं टोक. आधी मोठ्या फणीवर, नंतर बारीक. फणीत जो आखूड गुंता अडकतो तो फेकू नका, पिशवीत साठवा. हातात उरतो तो लांब वाख. त्याला सैल पीळ देऊन गुंडी करून ठेवा.

गेल्या वर्षी ६० चौरस फुटांतून मला ९० ग्रॅम लांब वाख आणि साधारण तेवढाच गुंता मिळाला. एका शर्टाला याच्या अडीच पट तरी लागेल, तेव्हा शिंप्याकडे जायची घाई करू नका.

पहिली दोरी

कातायला लगेच बसू नका, आधी गुंत्याची दोरी वळा. घरात कुणाला देवासाठी वाती वळता येत असतील तर निम्मं काम झालं. दोन पेड घ्या आणि हात ओला करून मांडीवर दोन्ही एकाच दिशेनं वळा. मग एकत्र धरून उलट दिशेनं वळू द्या, ते आपोआप एकमेकांत बसतात. पेड बारीक व्हायला लागला की नवा गुंता त्यात मिसळा, पण दोन्ही पेडांत एकाच जागी जोड देऊ नका. टोमॅटोची रोपं बांधायला ही दोरी मजबूत आणि पावसाळ्यात तिथेच कुजून जाणारी, म्हणजे नंतर सोडवायची कटकट नाही.

लांब वाख टकळीवर काततात. आमच्या गावात टकळी आजही सहज मिळते, त्याचं कारण सांगायला नको. कापसापेक्षा फरक दोन. एक, बोटं ओली हवीत, नाहीतर धागा केसाळ होतो. नुसत्या पाण्यापेक्षा चमचाभर जवस उकळून गाळलेलं चिकट पाणी जास्त चांगलं, धागा गुळगुळीत बसतो. दुसरा फरक पिळाचा. ओल्या धाग्याचं एक टोक चिमटीत धरून दुसरं मोकळं सोडा आणि वाळताना बघा. ते आपणहून एका बाजूला फिरतं. टकळीही त्याच बाजूला फिरवा. कापसाची सवय असलेल्यांचा हात उलटा पडतो आणि सुरुवातीला चिडचिड होते.

कातलेला सूत राखाडी-पिवळा आणि ताठ असतो. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर मंद उकळा, दोनदा केलं तरी चालेल. मग उन्हात. प्रत्येक धुण्याला तो मऊ होत जातो.

वाफ्यात पुढच्या वर्षी जवस पेरू नका. मर रोगाची बुरशी मातीत राहते आणि त्याच जागी पुन्हा पेरलं की रोपं माना टाकतात. मी चौथ्या-पाचव्या वर्षी परत येतो, मधे मेथी, हरभरा, वांगी. यंदाचा वाफा संडासाच्या भिंतीकडे सरकलाय, तिथे सकाळचं ऊन जरा उशिरा येतं. काड किती उंच होतं ते बघायचं.